ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ



शेजारच्या काकू ख्रिस्ती आहेत. त्यांना हल्ली वाचायला दिसत नाही, म्हणून दुपारची कामं आटोपली की मी त्यांना मराठी बायबल वाचून दाखवते. घरातून प्रश्न आला, "तुला त्यातलं कळतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून लिहायला बसले.

अवघड शब्द फारसे त्रास देत नाहीत. 'परुशी' म्हणजे कोण, हे काकूंना विचारता येतं. अडवतात ते ओळखीचे शब्द, कारण तिथं थांबून विचारावंसं वाटतच नाही.

आता 'खमीर' घ्या. आपल्या स्वयंपाकघरात रात्रभर आंबलेलं पीठ म्हणजे चलित रस, जीवोत्पत्ती, म्हणून वर्ज्य. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र येशू स्वर्गाच्या राज्याला खमिराचीच उपमा देतो. एक बाई पिठात ते मिसळते आणि सगळं पीठ फुगतं. त्याच पुस्तकात पुढे तो परुश्यांच्या खमिरापासून जपायलाही सांगतो. यहुदी लोक वल्हांडण सणाला घरातलं खमीर बाहेर काढतात, हे समजल्यावर दुसरं लगेच कळलं. पहिल्यासाठी आपलं स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवावं लागलं.

पेरणाऱ्याचा दाखला आमच्या नागऱ्यासारख्या धानाच्या गावात सोपा वाटायला हवा. पण इथं पऱ्हे टाकून चिखलाच्या बांधीत रोवणी करतात. रोवणीत बी वाटेवर, खडकावर, काट्यांत पडेल कसं? तो दाखला पावसावरच्या, हाताने बी फेकून पेरायच्या शेतातला आहे. आवत्या टाकणाऱ्या शेतकऱ्याला तो आपल्याआधी कळेल.

सगळ्यात कठीण शब्द 'पाप' आणि 'तारण'. आपल्याला पाप म्हटलं की कर्मबंध आठवतो. त्याची निर्जरा ज्याची त्यानेच तपाने, संयमाने करायची. तीर्थंकर मार्ग दाखवतात, आपलं ओझं उचलत नाहीत. तिथं तर दुसऱ्याने आपल्यासाठी प्राण देणं हाच गाभा, आणि उपमा बळीच्या कोकराची! अहिंसेच्या घरात वाढलेल्या माझा आवाज त्या ओळींवर बसतो. पण यरुशलेमच्या मंदिरात पशुबळी रोजचाच होता, हे ध्यानात घेतलं की 'हे बलिदान एकदाच, कायमचं' या म्हणण्याचं वजन कळतं. मला ते पटलेलं नाही. पण पटणं वेगळं आणि कळणं वेगळं.

भाषेची अडचण पंडिता रमाबाईंनी फार आधी ओळखली होती. स्वतः संस्कृतच्या पंडिता, पण तेव्हाचं मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर, साध्या बायकांना न कळणारं वाटलं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम चालू होतं. पुढे १९२४ साली ते छापून आलं. भाषा सोपी झाली, तरी प्रत्येक वाचणारी आपापल्या घरातला अर्थ सोबत घेऊनच येणार.

आपलं षट्खंडागम तरी धवला टीकेवाचून किती जणांना उलगडेल? मग दुसऱ्यांचा ग्रंथ एका बैठकीत कळावा, असा हट्ट कशाला? ओळखीचा शब्द आला की आधी विचारावं, "तुमच्याकडे याचा अर्थ काय?" अनेकान्त आपण प्रवचनात पुष्कळ ऐकतो. घरात तो पाळायचा, तर सुरुवात या प्रश्नापासून करता येते.