फूल न तोडता

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं फोटोच्या नादी लागू नये, असं माझं मत होतं आणि वर्गात मी ते बोलूनही दाखवायची. मुलं मोबाइलवर एखादं पिवळं फूल दाखवून विचारायची, "मॅडम, हे कोणतं?" माझं उत्तर ठरलेलं: झाड आणा, मग बोलू. फोटोत पानावरची लव बोटाला लागत नाही, देठ मोडून चीक पाहता येत नाही, अंडाशय कापून कप्पे मोजता येत नाहीत. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या 'फ्लोरा'वरून जात ठरवायची तर हे सगळं लागतं. यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण म्हणून कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही, हा हट्ट मात्र सोडला.

तो सोडायला लावला तेरड्यानं. साताऱ्याहून कासचं पठार पंचवीसेक किलोमीटर. पावसाळा सरता सरता तिथल्या जांभ्या दगडावर 'इम्पेशन्स लॉई' हा गुलाबी तेरडा दाटीनं फुलतो. त्याची फांदी टिपकागदात दाबली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, फुलामागची बारीक वाकडी शेपटी कुठून निघते ते कळेनासं होतं आणि गुलाबी रंग तपकिरी होऊन जातो. या तेरड्याला शास्त्रीय नाव देणाऱ्या दोघांपैकी एक जोसेफ हूकर. 1911 साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. शेवटची कित्येक वर्षं त्यांनी तेरड्यांवरच काम केलं, तेही बहुतेक असल्याच वाळलेल्या नमुन्यांवर. त्या चिकाटीपुढे मी नेहमीच नमते. पण माझ्या मुलांपुढे तो तपकिरी चोथा ठेवून 'हा तेरडा' म्हणताना मला वाईट वाटायचं. सीतेच्या आसवांचं तर त्याहून वाईट. ओल्या कातळावर निळंजांभळं दिसणारं ते इवलं फूल कागदावर फक्त दोरा होऊन उरतं.

शिवाय तोडणं हेच मनाला पटेनासं झालं होतं. 2012 साली पश्चिम घाटातल्या जागांबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी वाढली. फुलांच्या ताटव्यात बसून फोटो काढणारी माणसं पाहिली की माझा संताप होतो, आजही होतो. पण त्यांना काय बोलणार, माझ्याही पिशवीत उपटलेली रोपं असायचीच की, अभ्यासासाठी का होईना. शेवटी एक जुना कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेतली.

मग कळलं की या कामाला पाय नव्हे, पोट लागतं. पायवाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर पालथं पडायचं. इतक्या जवळून पाकळी स्पष्ट आली तर शेपटी धूसर होते. दोन्ही हवी असतील तर छिद्र लहान करायचं, म्हणजे प्रकाश कमी, म्हणजे शटर हळू, आणि तेवढ्यात वारा येतो. वारा पडेपर्यंत तसंच थांबायचं. ऊन नको, ढगाळ उजेड हवा.

त्या थांबण्यात मी तेरडा पहिल्यांदा नीट पाहिला. त्याचे परागकोश जुळून टोपीसारखे कुक्षीवर बसलेले असतात. आधी पराग देऊन होतात, मग ती टोपी अख्खी गळते आणि हिरवी कुक्षी उघडी पडते; म्हणजे एकच फूल आधी नर, नंतर मादी. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. पण एकाच झुडपावर शेजारशेजारची दोन फुलं, एक टोपी घातलेलं आणि एक टोपी गळलेलं, ही मला लेन्समधूनच सापडली.

तरीही हे शिकवण्यासाठीच केलं असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. इतकी वर्षं फूल दिसलं की माझ्या डोक्यात आधी कुळ यायचं, मग प्रजाती, मग जाती. नाव सापडलं की मी पुढच्या रोपाकडे वळायची. पठारावर गेल्याचा आनंद व्हायचा तो यादी वाढल्याचा. कॅमेऱ्याला नावाशी कर्तव्य नसतं. त्याला उजेड कुठून येतोय, मागे काय आहे, थेंब कुठे अडकलाय एवढंच हवं असतं, आणि त्याच्याबरोबर मलाही तेवढंच पुरायला लागलं. लहानपणी परसातल्या गुलबक्षीकडे मी अशीच बघत बसायची. ते बघणं परत मिळावं, हे माझ्या छंदाचं खरं कारण आहे.

मुलांना आता मी फोटोच आणायला सांगते, पण पद्धतशीर: अख्खं रोप, फूल समोरून आणि बाजूनं, पानाच्या दोन्ही बाजू, देठावरची पानांची मांडणी, शेजारी मोजपट्टी. रंग मात्र वहीत लिहायचा, कारण जांभळ्याचा निळा करण्याची खोड बऱ्याच कॅमेऱ्यांना असते.

एक वनस्पती मात्र कॅमेऱ्याला दाद देत नाही. गेंद. पांढऱ्या गोंड्यांनी पठार भरून जातं, पण जाती वेगळ्या ओळखायच्या तर गोंड्यातली फुलं सुटी करून, बी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहावं लागतं. माझ्याकडे सर्वांत जास्त फोटो गेंदाचेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांखाली जातीची जागा रिकामी आहे. पूर्वी असा नमुना मी संग्रहात ठेवलाच नसता. हे फोटो मात्र मी काढतच राहणार आहे.