एकोणीस सोंगट्यांचा विनय

विनयपिटकाच्या आरंभी सारिपुत्त तथागतांना शिक्षापदे घालून देण्याची विनंती करतात. संघात दोष प्रकट झाल्यावाचून शास्ता नियम घालत नाही, असे उत्तर त्यांना मिळते. प्रसंग आधी, नियम नंतर. या विद्यालयात असताना हा भाग आम्ही ऐकला होता. त्याचा अर्थ उमगला तो मात्र महाविद्यालयाच्या वसतिगृहात, कॅरमबोर्डाभोवती.

या विद्यालयातून बाहेर पडलेले आम्ही काही जण एकाच वसतिगृहात दाखल झालो. तेथे एक जुना बोर्ड होता. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी अशा एकोणीस सोंगट्या होत्या. राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यायचे, स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की ड्यू भरायचा, पंचवीस गुणांचा गेम, हे नियम सर्वत्र आहेत. त्यांच्या जोडीला वसतिगृहाचे स्वतःचे नियम होते. ते कोठे लिहिलेले नव्हते. थोरल्यांकडून धाकट्यांकडे येत.

पहिला नियम असा, की हरलेल्या जोडीने पुढच्या डावाचा ब्रेक करायचा. दुसरा, नवागताचे पहिले तीन ड्यू माफ. कारण घरी बोर्ड कधी पाहिलाच नाही, अशी मुले दरवर्षी येत. तिसरा, बाहीने किंवा बोटाने सोंगटी हलली, तर ज्याच्याकडून हलली त्यानेच सांगायचे. समोरच्याने आरोप करायचा नाही. पंचशीलातील चौथे शील आम्ही रोज म्हणत होतो, त्याची परीक्षा या नियमाने घेतली. चौथा, शेवटचा डाव संपला की एकोणीसपर्यंत मोठ्याने मोजून सोंगट्या डब्यात ठेवायच्या. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत दुसऱ्या दिवशी खेळ बंद. परीक्षेचे वेळापत्रक लागले की बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा राही. ५ डिसेंबरच्या रात्री तो झाकला जाई आणि ७ तारखेस उघडे.

पाचवा नियम मात्र आमच्या डोळ्यांदेखत जन्मला. एका वर्षी वरच्या वर्गातील काही मुलांनी डावावर पैसे लावण्यास आरंभ केला. प्रथम चहा, मग पाच रुपये, मग पन्नास. आमच्या एका मित्राचे भोजनालयाचे महिन्याचे पैसे त्यात गेले. तो आठवडाभर जेवायला आला नाही. विचारले असता ‘भूक नाही’ म्हणे. शेतमजुरी करणाऱ्या आईने पाठविलेले ते पैसे होते.

सभा बसली. बोलण्याचा नियम असा ठरला, की ज्याच्या हाती राणी, त्यानेच बोलायचे. एकाने दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा आधार घेतला. जुगाराचे सहा दुष्परिणाम तेथे सांगितले आहेत : जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती घटते, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र अवहेलना करतात, सोयरीक जुळत नाही. दुसऱ्या बाजूनेही युक्तिवाद झाला : पैसे नसले तर खेळात ईर्षा कशी राहणार? तोही पूर्ण ऐकून घेतला गेला.

मग मतदान. नऊ खोल्यांचे नऊ प्रतिनिधी. प्रत्येकास एक पांढरी व एक काळी सोंगटी दिली. एक मताच्या पिशवीत टाकायची, उरलेली मूठ न उघडता डब्यात. पांढरी म्हणजे पैशाला बंदी. प्राचीन भिक्खुसंघ शलाकांनी मत मोजत असे, आणि संसदीय कार्यपद्धती या देशाला नवी नाही हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत संघाच्या गुप्त मतदानाचा दाखला दिला होता. आमच्या शलाका लाकडी व वाटोळ्या होत्या, एवढाच फरक.

पिशवीतून सात पांढऱ्या निघाल्या, दोन काळ्या. त्या दोन कोणाच्या, हे आजवर कोणी विचारले नाही. जिंकलेल्यांपैकी एकाने दुसऱ्या सकाळी काही न बोलता पैसे परत केले. दुसऱ्याने केले नाहीत. उरलेल्या रकमेची वर्गणी झाली आणि मित्र पंगतीस येऊन बसला. पैशाविना ईर्षा मात्र मुळीच कमी झाली नाही.

ब्रह्मजाल सुत्तात आठ व दहा घरांच्या पटांवरील खेळांत रमणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांचा उल्लेख असून तथागत त्यांपासून अलिप्त असल्याचे म्हटले आहे. आम्ही गृहस्थ; आम्हांला खेळ सुटला नाही. पण नियम वरून येण्याची वाट न पाहता तो सर्वांनी मिळून घडवावा, आणि घडल्यावर जिंकणाऱ्यानेही पाळावा, हे त्या बोर्डाने आम्हांस शिकविले. पुढे कोणी ग्रामपंचायतीत गेला, कोणी कामगार संघटनेत, कोणी विहाराच्या समितीत. हात वर करून मत मागितले गेले की आम्ही गुप्त मतदानाचा आग्रह धरतो. विद्यालयात आज शिकणाऱ्या धाकट्या भावंडांनी वसतिगृहात जाताना एवढी शिदोरी सोबत न्यावी. सोंगट्या मात्र रोज मोजाव्यात.

नमो बुद्धाय! जय भीम!