दीड वीत

काचेवर बाहेरून पंजा ताणला की आत बसलेली ती बरोबर माझ्या वितीएवढी भरते. ब्राझीलच्या ईशान्य भागातली ही लासिओडोरा पाराहिबाना, जगातल्या सर्वांत मोठ्या टॅरँट्युला कोळ्यांपैकी एक. मेलो-लेइताव या ब्राझिलियन प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ साली या जातीचं वर्णन केलं. आमच्या लंडनच्या घरी आली तेव्हा मात्र ती माझ्या करंगळीच्या नखावर मावत होती.

चार वर्षांत ती वाढली, तसं मी तिला दोन फूट उंच काचेचं घर आणलं, वर जाळीचं झाकण. दिवाणखान्यात ते फार शोभायचं. एका रात्री थप्प आवाज आला. ती वर चढून गेली होती आणि तिची नखं जाळीत अडकली होती. सुटायला तिने तो पाय मुळापासून सोडून दिला आणि खाली पडली. पाय जाळीलाच लोंबकळत राहिला. तुटल्या जागी निळसर थेंब. तिच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं. रात्रभर मी तिचं पोट न्याहाळत बसले. ते पातळ कातडीचं असतं, उंचावरून पडून फुटलं तर जीवच जातो. ते शाबूत होतं.

सकाळी कोकोपीट आणि माती कालवून जवळजवळ फूटभर भर घातली. मातीपासून झाकणापर्यंत अंतर ठेवलं दीड वीत, म्हणजे तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट. जाळी काढून भोकं पाडलेलं ॲक्रिलिक बसवलं. आठवड्याभरात तिने बुचाच्या सालीखाली बीळ कोरलं आणि उकरलेली माती पाण्याच्या वाटीत आणून टाकली.

पुढे काही महिन्यांनी तिने खाणं सोडलं. पोटावरची टक्कल पडलेली जागा काळवंडली. मग एका संध्याकाळी ती उताणी झाली. कोळी मेला की पाय पोटाखाली आखडतात, कारण ते ताणायला शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो. तिचे पाय सैल पसरलेले होते, म्हणजे ती कात टाकत होती. जुन्या कातीतून सात पाय हळूहळू सरकत निघाले, आणि मग आठवा: काडीसारखा बारीक, पण सगळे सांधे जागच्या जागी. विषदंत दुधासारखे पांढरे. ते काळे, टणक होईपर्यंत दोन आठवडे मी आत एकही झुरळ सोडलं नाही.

तिला मी कधी हातावर घेतलं नाही. घाबरली तर पोटावरचे केस झाडते, ते खाजकुयलीसारखे झोंबतात. शिवाय हातावरून पडायलाही वेळ लागत नाही. कात मात्र पाण्यात भिजवून, पाय पसरून वाळवते. ती मादी आहे हेसुद्धा मला कातीनेच सांगितलं. नव्या कातीवर पंजा ताणून बघते, आणि तिची वीत वाढली असेल तर टाकीतली उंची पुन्हा मोजायला घेते.