बर्फावरची ल गुइन

आज पुन्हा लेखिका उर्सुला ल गुइन. कुणी पुस्तक सुचवायला सांगितलं की माझी गाडी तिच्यावरच येते, आणि समोरचा घड्याळ बघू लागला तरी मी थांबत नाही.

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही तिची कादंबरी १९६९ची. गेथेन या गोठलेल्या ग्रहावर माणसं एरवी ना बाई, ना पुरुष. महिन्यातून काही दिवस त्यांना एक लिंग येतं, तेही दर वेळी तेच असेल असं नाही. कल्पना म्हणून एवढंही पुरे होतं. पण माझा जीव अडकतो तो शेवटच्या हिमप्रवासात. पृथ्वीवरून आलेला दूत आणि गेथेनवरचाच, परागंदा झालेला एस्त्रावेन स्लेज ओढताहेत. एके दिवशी सगळीकडे इतका सारखा पांढरा उजेड पसरतो की कशाचीच सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे पायाखालची भेगही दिसत नाही. भरदिवसा चाचपडत चालायचं!

ल गुइनचे वडील मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे परक्यांकडे बघण्याची नजर तिला घरातच मिळाली असावी. ‘अर्थसी’मधला तिचा जादूगार गेडही तांबूस-काळसर कातडीचा, तोही १९६८ साली. टॉल्किनच्या जादूगारांच्या भक्तांनी रागवायचं तर रागवावं, पण मला गेडच जवळचा.