गटाने दिलेला हात

आमच्या गटाला पाटी नव्हती आणि नोंदणीही नव्हती. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची काही वारली घरं मिळून चित्रं काढायची, एवढाच तो गट. काम आलं की सगळे एकाच ओट्यावर बसत, पैसे आले की तिथेच वाटणी होई. मला चित्रकार केलं ते या माणसांनी.

बोईसरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडचं काम सुटलं आणि मी घरी बसलो. तेव्हा वारली असूनही वारली चित्र म्हणजे दोन त्रिकोणांची माणसं आणि मध्ये तारपा वाजवणारा, इतकंच मला ठाऊक होतं. दुकानातल्या पिशव्यांवर मी तेच पाहिलं होतं. गटातल्या थोरल्या आजीने मला बोलावून घेतलं, पण बरेच दिवस काडी हातात दिली नाही. कुडाची भिंत सारवायला लावली. शेणाचा हात, त्यावर गेरू, मग तो सुकेपर्यंत थांबायचं. तांदळाचं पीठ पाण्यात कालवणं आणि बांबूची काडी टोकाला चावून मऊ करणं हे त्यानंतर आलं. मी आधी माणसं काढून उरलेल्या जागेत झाड बसवू लागलो की ती म्हणे, "पयलं झाड काढ. त्याला वाढाया जागा ठेव. माणूस कुठंपण मावतो." आजही कोरं कापड समोर आलं की मी झाडापासून सुरुवात करतो.

आजी धवलेरी होती. एका लग्नघरी तिच्यासोबत गेलो, तेव्हा चित्र कशासाठी असतं ते पहिल्यांदा कळलं. सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहीत होत्या. मध्ये पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि ते लावते धवलेरी, आपल्या गाण्यांनी. तिथे कुणी कुणाचं कौतुक करत नव्हतं. काम देवाचं होतं.

आम्हा पुरुषांना चित्रं काढायची वाट मिळाली ती त्यामानाने अलीकडे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद-रंग घेऊन आमच्या भागात आले. तेव्हा गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे चित्रं काढत होते. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे आमच्या मुलांना चित्रावर पोट भरता येतं. आजी त्यांचं नाव आदराने घेई. चौक मात्र आधी बायांचा, हेही ती आम्हाला विसरू देत नसे.

एकदा एका मोठ्या हॉटेलच्या भिंतीचं काम आलं. मालकाला दर्शनी भागात पालघटीसह पूर्ण चौक हवा होता आणि रक्कम आम्ही कधी पाहिली नव्हती इतकी होती. माझ्या घरी तेव्हा दवाखाना चालू होता, मी हो म्हणायला निघालो होतो. गट बसला. चौक विकायचा नाही, असं ठरलं. त्याऐवजी भाताची लावणी काढून देऊ म्हणून सांगितलं, आणि मालकाने ते कमी पैशात घेतलं. वाटणीच्या वेळी माझ्या हातात सगळ्यांपेक्षा जास्त पैसे ठेवले गेले. मी मागितले नव्हते. मान वर करून आभारही मानता आले नाहीत.

वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कलेचं नाव राखलं. पण लग्नघरांच्या कुडांवर पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुठेच नाहीत, आणि माझं शिक्षण त्यांच्याकडून आलेलं आहे.

तुम्ही वारली चित्र विकत घ्याल तेव्हा काढणाऱ्याचं नाव विचारा, आणि तो कुणाकडून शिकला तेही. दोन्ही नावं चित्राच्या मागे लिहून ठेवा.