तिकीट आधी, पैसे नंतर

मळवलीला पुणे लोकल पकडली की मी अर्ज उघडतो. 2009 साली बेंगळुरूत सुरू झालेल्या पायकॉन इंडियासारखीच आमचीही परिषद व्हॉलंटियर चालवतात. प्रवासखर्च कुणाला द्यायचा, तेही आम्हीच ठरवतो. नावं झाकलेली, तिघांचे गुण, मग सरासरी. कामशेत ते तळेगाव दोन अर्ज होतात.

गेल्या वर्षी सर्वाधिक गुण मिळालेली मुलगी आलीच नाही. नियम होता: तिकीट आधी काढा, पैसे नंतर. तिचा एका ओळीचा मेल आला, "आधी भरायला पैसे असते, तर अर्ज कशाला केला असता?"

त्या नियमाला मीही हात वर केला होता.

यंदा तिकिटं आम्हीच काढणार आहोत. नावं झाकलेलीच आहेत, तरी प्रत्येक अर्जात मी तिलाच शोधतो.