फोन असताना हे कशाला?

मिरज

चि. मनू,

पार्सल पोचल्याचं तुझ्या आईकडून कळलं. "मामा, फोन असताना हे डबडं कशाला?" हा तुझा प्रश्नही तिनं जसाच्या तसा पोचवला. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू "हो हो" करत निसटली असतीस, म्हणून लिहायला बसलो.

ते डबडं म्हणजे झूम एच-वन. जपानच्या झूम कंपनीनं २०१० साली आणलेला रेकॉर्डर. (तुमच्या मीटिंगवाल्या झूमशी त्याचा काही संबंध नाही.) झब्ब्याच्या खिशात मावतो, वजन साठ ग्रॅम, आणि एका पेन्सिल सेलवर दहा तासांपर्यंत चालतो. मी घेतला तो तालमीसाठी. आमच्या गुरुजींना समोर फोन ठेवलेला खपायचा नाही. रियाजात तो एकदा थरथरला की झालं, त्या दिवसाची तालीम तिथेच आटोपायची.

पण खरं कारण आहे ते तानपुऱ्याचं. फोन बनवलाय बोलण्यासाठी. माणसाचा आवाज पुढे आणायचा आणि मागे एकसारखं चालू असेल ते दाबायचं, हे बहुतेक फोनना शिकवलेलं असतं. पंख्याची घरघर त्यात बरोबर दबते. आता तानपुराही एकसारखाच चालू असतो ना! फोनच्या लेखी तोही पंखाच. मग रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याच्या मागे तानपुरा मधेच बुडतो, मधेच वर येतो, आणि षड्ज कुठे लागला हेच कळेनासं होतं. हा रेकॉर्डर असला शहाणपणा करत नाही. वर जाळीत दोन माइक आहेत बघ, काटकोनात एकमेकांवर आलेले. ते जवळजवळ एकाच जागी असल्यामुळे डावं-उजवं नीट कळतं आणि आवाज विस्कटत नाही.

त्याचं सगळं कसब मागच्या तीन खटक्यांत आहे. पहिला खालचे घुमणारे आवाज कापतो. रस्त्याकडेला कुणाची मुलाखत घेताना तो चालू ठेव, ट्रकची गुरगुर जाते. तबल्यासमोर मात्र चुकूनही चालू करू नकोस, डग्ग्याचा घुमारा त्याच्याबरोबर जाईल. दुसरा आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. गप्पांना उत्तम, गाण्याला विष. गवई श्वास घ्यायला थांबला की हा घाबरून पातळी वाढवतो आणि घरातलं भिंतीवरचं घड्याळ मैफलीत सामील होतं. तिसऱ्यानं फाइलचा प्रकार ठरतो, वेव्ह की एमपी-थ्री. गाण्याला वेव्हच ठेव, सीडीच्या दर्जाला तासाला साडेसहाशे एमबीच्या आसपास जागा लागते.

आमच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर हा रेकॉर्डर महिना महिना नेऊन ठेवायचे. तानपुऱ्याची जवारी काढताना घोडी किंचित घासायची, तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, पुन्हा छेडायचं, असं दिवसभर चालतं. संध्याकाळपर्यंत कान शिणतात आणि सकाळी खरज कसा बोलत होता ते आठवेनासं होतं. मग सकाळची फाइल लावायची, आत्ताची लावायची, फरक समोर. बाहेरगावच्या गिऱ्हाइकालाही तेच पाठवायचं. शेजारचे सर अंध मुलांसाठी धडे वाचून भरायला न्यायचे. कुणी कीर्तनाला न्यायचं, कुणी पक्ष्यांमागे.

तुझ्या पणजीचं मात्र सविस्तर सांगतो. फोन समोर धरला की आजी पदर सावरून फोटोला बसल्यासारखी बसायची आणि गप्प. ओव्या म्हण म्हटलं तर म्हणे, हातात खुंटा नसला की आठवत नाहीत. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं, ओंजळभर ज्वारी घातली. रेकॉर्डर घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवला, कारण जमिनीवर ठेवला असता तर जात्याचे धक्केच भरले गेले असते. दोन घास दळून होईपर्यंत ती त्याला विसरली. पुढचा तासभर माहेर, भाऊ, पंढरी, मधेच "दूध बघ गं कुणीतरी", आणि परत ओवी. एकानं सुचवलं की संगणकावर जात्याची घरघर साफ करून देतो. मी करू दिली नाही. ओवीचा ठेका त्या घरघरीतच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजे 'परी'च्या संकेतस्थळावर आहेत, जमलं तर ऐक. आपल्या आजीच्या ओव्यांच्या बहिणी तिथे भेटतील.

आपल्या अण्णांच्या कॅसेटीही याच रेकॉर्डरच्या पोटातून संगणकावर गेल्या. डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून याच्या बाजूच्या भोकात घालायची, हेड स्पिरिटनं पुसायचं आणि कॅसेट संपेपर्यंत बसून राहायचं. यात घाई करता येत नाही. अण्णा इथल्या दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफलींना कॅसेट रेकॉर्डर घेऊन जायचे. नव्वदची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटायची, त्यामुळे ऐन रंगात आलेला राग प्रत्येक वेळी खट्‌ करून तुटलेला. ज्यांच्या स्मृतीत तिथे गातात त्या अब्दुल करीम खाँसाहेबांना तर तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांतच राग बसवावा लागला. तुझ्या हातातल्या यंत्रात फाइल दोन जीबीची झाली की, म्हणजे तीन तासांनंतर, नवी आपोआप सुरू होते. रात्रभराच्या मैफलीत उठावं लागत नाही. अण्णांना हे मिळायला हवं होतं.

आता वापरायचं. हातात धरून रेकॉर्ड करू नकोस, असल्या हलक्या यंत्रात बोटांची खसखस भरते. पाठीमागे ट्रायपॉडचं भोक आहे, नाहीतर टॉवेलवर ठेव. उघड्यावर नेलंस तर फोमची टोपी घाल. ऑनलाइन क्लासला लॅपटॉपला जोडलंस तर तोच माइक होतो. बरेच दिवस वापरणार नसशील तर सेल काढून ठेव, नाहीतर तो आत पाझरतो.

आणि भूपाचा आलाप भरून पाठव. व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. ड्राइव्हवर वेव्ह फाइल ठेव आणि लिंक दे. तुझ्या गुरूंना चालणार असेल तर त्यांचंही थोडं भर, मला त्यांचा गंधार ऐकायचाय.

तुझा,
मामा